छोट्या जहाजातून स्वालबार्ड: ध्रुवीय प्राणी बघायला जाण्याआधी

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या जहाज सफरींबद्दल इंटरनेटवर सापडणारी बरीच माहिती आता कालबाह्य झाली आहे. होडीपासून हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या ध्रुवीय अस्वलाचे फोटो तर नक्कीच. नॉर्वे सरकारने १ जानेवारी २०२५ पासून तिथले नियम बदलले. अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. अस्वल अचानक त्याहून जवळ दिसलं तर जहाजाने किंवा होडीने मागे सरायचं. राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव क्षेत्रांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला प्रवेश नाही. या संरक्षित भागात किनाऱ्यावर उतरायला फक्त ४३ ठरलेल्या जागा आहेत. ड्रोनला तिथे बंदी आहे. किनाऱ्याला चिकटून गोठलेला बर्फ फोडत आत शिरायलाही मनाई आहे.

त्यामुळे सफर निवडायची पद्धतच बदलायला हवी. केबिन किती ऐसपैस आहे यापेक्षा दिवस किती, महिना कोणता, जहाजावर माणसं किती आणि आपल्या गळ्यात दुर्बीण कुठली, या चार गोष्टींवर काय दिसेल ते ठरतं. पैसे खर्च करायचेत तर याच क्रमाने करावेत.

महिना

स्वालबार्ड हा ७४ ते ८१ अंश उत्तरेचा द्वीपसमूह. मुख्य गाव लाँगयरब्येन, साधारण ७८ अंशांवर. तिथे २० एप्रिलच्या आसपास मावळायचा थांबलेला सूर्य ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा मावळू लागतो. जहाजांचा हंगाम मे ते सप्टेंबर.

मे महिन्यात सगळीकडे बर्फ असतो आणि देखावा सर्वांत 'आर्क्टिक' असतो. पण बरेच फ्योर्ड (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्या) गोठलेले असल्यामुळे जहाज पश्चिम किनाऱ्यापलीकडे फारसं जात नाही. जूनमध्ये पक्षी कड्यांवर बसलेले असतात आणि समुद्रबर्फही जवळ असतो, मात्र अस्वलासाठी ५०० मीटरचा नियम महिनाअखेरपर्यंत लागू असतो. जुलै हा सर्वांत सोयीचा महिना. नियम ३०० मीटरवर येतो, ईशान्येकडची हिनलोपेनची सामुद्रधुनी बहुधा उघडू लागते, पिल्लं कड्यांवर असतात आणि टुंड्रा फुललेली असते. ऑगस्टमध्ये बर्फ खूपच कमी, त्यामुळे स्पिट्सबर्गन या सर्वांत मोठ्या बेटाला पूर्ण प्रदक्षिणा घालायची शक्यता सर्वांत जास्त. पण गिलेमॉट या समुद्रपक्ष्यांचे कडे तोवर रिकामे होत आलेले असतात, आणि बर्फाची कड गाठायला जहाजाला बरंच उत्तरेला जावं लागतं. सप्टेंबरमध्ये प्रकाश सुंदर असतो, समुद्र खवळलेला असतो आणि पक्षी जवळपास गेलेले असतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने जुलै धरावा. पक्ष्यांचं वेड असेल तर जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा मध्य. 'अस्वल हमखास कधी?' याला उत्तर नाही. या बेटांवर कायम राहणारी अस्वलं तीनशेच्या आसपास आहेत, आणि बाकीची बर्फाबरोबर फिरत असतात.

जहाज आणि दिवस

'छोटं जहाज' या नावाखाली १२ प्रवाशांच्या शिडाच्या बोटीपासून जवळपास २०० प्रवाशांच्या जहाजापर्यंत सगळं विकलं जातं. बाराच्या आकड्याला कारण आहे. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत १२ पेक्षा जास्त प्रवासी घेतले की ते 'प्रवासी जहाज' ठरतं आणि नियम कडक होतात. बाराच्या आतल्या बोटींवर लवचिकता भरपूर असते. रात्री दोनला देवमासा दिसला तर सगळे डेकवर, आणि सकाळचा बेत दुपारी ढकलला. पण अशा बोटींवर सहसा डॉक्टर नसतो, बोट हलते जास्त आणि अंतर कमी कापते. ५० ते ११५ प्रवाशांची जहाजं बहुतेकांना मानवतात.

बुकिंग करण्याआधी कंपनीला ईमेलवर हे विचारून लेखी उत्तर घ्या: जास्तीत जास्त प्रवासी किती, रबरी होड्या किती, गाईड किती, सगळे एकाच वेळी पाण्यात उतरू शकतात का, जहाजाचा बर्फवर्ग (बर्फात चालण्याची क्षमता) कोणता, डॉक्टर आहे का, आणि आर्क्टिक सफर कंपन्यांची 'एको' ही संघटना आहे तिचं सदस्यत्व आहे का. होड्यांचा हिशोब साधा आहे. एका झोडियाकमध्ये, म्हणजे या रबरी होडीत, ८ ते १० प्रवासी बसतात. जहाजावर १०० जण असतील तर एकदम उतरायला निदान १० होड्या आणि त्या चालवणारे १० गाईड हवेत. होड्या सहाच असतील तर दोन पाळ्या होणार, आणि तीन तासांच्या फेरीतला दीड तास तुम्ही लाउंजमध्ये बसून काढणार. माहितीपत्रकात हा आकडा छापलेला नसतो.

सात-आठ दिवसांच्या सफरी बहुधा वायव्य किनाऱ्यावरच फिरतात. हिनलोपेन, पूर्वेकडचा भाग किंवा प्रदक्षिणा हवी असेल तर १० ते ११ दिवस धरा. जास्तीचे दिवस जास्त ठिकाणं बघण्यासाठी नसतातच. धुकं, वारा आणि बर्फ यांनी खाल्लेल्या दिवसांची ती भरपाई असते. आठ दिवसांतले दोन धुक्यात गेले तर सफर विस्कटते, अकरातले दोन गेले तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. छापील मार्ग हा फक्त अंदाज समजावा. कॅप्टन आणि सफरप्रमुख रोज रात्री हवामान आणि बर्फाचा नकाशा बघून दुसऱ्या दिवसाचा बेत ठरवतात.

केबिनचं म्हणाल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागची, सर्वांत स्वस्त केबिन घ्या. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, आणि जागेपणी तुम्ही तसेही डेकवरच असणार. वरच्या मजल्यावरची, नाकाकडची महागडी केबिन खवळलेल्या समुद्रात सर्वांत जास्त डोलते.

खर्चाचा ढोबळ अंदाज: दहा दिवसांच्या सफरीला माणशी साधारण पाच ते बारा हजार युरो, शिवाय विमान, हॉटेल, विमा आणि बहुतेक जहाजांवर अपेक्षित असलेली दिवसाला १० ते १५ युरोची टीप. चांगल्या केबिन नऊ महिने ते वर्षभर आधी जातात. भारतातल्या एजंटकडून घेतल्यास टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला कर) कापला जातो आणि तो आयकर विवरणात वळता करून घेता येतो. व्हिसा नाकारला गेला तर पैशाचं काय, हे कलम आगाऊ रक्कम भरण्याआधीच वाचा.

व्हिसा: इथे भारतीय पासपोर्टवाले अडकतात

१९२० च्या स्वालबार्ड करारामुळे या बेटांवर जायला व्हिसा लागत नाही, हे खरं. पण तिथे पोचायचं तर ओस्लो किंवा ट्रोम्सोवरून, म्हणजे शेंगेन क्षेत्रातून (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश). आणि स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे. ओस्लोला उतरलात की पहिला प्रवेश, स्वालबार्डला निघालात की बाहेर, परत ओस्लोला आलात की दुसरा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीच्या वाटेवर तुम्ही व्हिसाविना उभे राहता. अर्जात 'मल्टिपल एंट्री' किंवा निदान दोन प्रवेश मागा, सोबतच्या पत्रात कारण लिहा आणि जहाज कंपनीचं पुष्टिपत्र जोडा. व्हिसा हातात आल्यावर प्रवेशांचा रकाना तिथेच वाचा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं, म्हणून तीन-चार महिने हाताशी ठेवा. सफर ग्रीनलंडलाही जाणार असेल तर वेगळी गोम आहे. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्याचा भाग असला तरी शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे 'ग्रीनलंडसाठी वैध' असा स्पष्ट उल्लेख असलेला व्हिसा वेगळा मागावा लागतो.

विम्यात शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. इथे ते अपुरं आहे. लाँगयरब्येनचं रुग्णालय लहान असून गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला नेतात. शोध, बचाव आणि हवाई स्थलांतर पॉलिसीत नावानिशी आहे का, आणि 'ध्रुवीय प्रदेश' किंवा 'एक्स्पिडिशन क्रूझ' वगळलेले नाहीत ना, हे बघा. साठीपुढच्यांनी वयाची अट आणि जुन्या आजारांचं कलमही तपासावं.

बॅग

जुलैत लाँगयरब्येनचं सरासरी तापमान ७ अंशांच्या आसपास असतं. हे ऐकून लोक महाबळेश्वरचा स्वेटर घेऊन येतात. उघड्या होडीत दोन-तीन तास न हलता बसणं, समोरून वारा आणि अंगावर शिंतोडे, अशी ती थंडी असते. तीन थर लागतात: अंगालगत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मल (दोन जोड), मधे फ्लीस किंवा पातळ पफर जॅकेट, आणि वर पूर्ण जलरोधक जॅकेट व पँट. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कपडा घामाने ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतो.

वरची पँट ढगळ आणि खरोखर जलरोधक हवी, कारण ती गमबुटांच्या बाहेरून घालायची असते. ती बुटात खोचली तर किनाऱ्यावर उतरताना येणारी लाट सरळ बुटात शिरते आणि त्या दिवसाची फेरी तिथेच संपते. ही चूक दर सफरीत कुणीतरी करतंच. गुडघ्यापर्यंतचे गमबूट बहुतेक कंपन्या उसने देतात. माप आधी कळवा आणि जाड मोजे धरून एक नंबर मोठा सांगा. हातमोजे दोन थरांत घ्या, आत पातळ आणि वर जलरोधक. पातळ मोज्यांचा एक जोड जास्त ठेवा, कारण एखादा हमखास पाण्यात पडतो. कानटोपी, गळपट्टा, गॉगल, सनस्क्रीन आणि झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टीही हवी.

सगळे कपडे निघण्याआधी झाडून, वेल्क्रो आणि खिशांचे कोपरे व्हॅक्यूमने साफ करा. सह्याद्रीतल्या ट्रेकवरून आलेलं कुसळ तिथे चालत नाही. परकं बी टुंड्रावर जाऊ नये म्हणून जहाजावर तपासणी होते. किनाऱ्यावर जाता-येता बूट धुवावेच लागतात, आणि आता बर्ड फ्लू स्वालबार्डलाही पोचल्यामुळे यात सूट मिळत नाही.

औषधं मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन गोठता कामा नये, त्यामुळे बाहेर जाताना ते आतल्या खिशात ठेवावं. बोट लागणाऱ्यांनी प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिनबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं. ही गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. दक्षिण टोकाला वळसा घालण्याआधी किंवा उघड्या समुद्रात जाण्याआधी तास-दीड तास घ्यायची. सोबत आलेपाक असू द्यावा.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या फॉर्ममध्ये नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून भागत नाही, कारण त्यात अंडं आणि चीज गृहीत असतं. 'अंडं नाही', 'कांदा-लसूण नाही' असं जे असेल ते स्वतंत्र ओळीत लिहा. शिधा लाँगयरब्येनमध्येच भरला जातो, पुढे दुकान नाही. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तेलातले खाकरे खुशाल न्या. पेढे, बर्फी, तूप मात्र नको. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे.

दुर्बीण आणि कॅमेरा

३०० मीटरवरचं दोन मीटर लांबीचं अस्वल फुल-फ्रेम कॅमेऱ्यात ४०० मिमी लेन्सने टिपलं तर फोटोच्या रुंदीचा साधारण तेरावा भाग व्यापतं. ६०० मिमीने नववा भाग. जूनमधल्या ५०० मीटरवर तेच ४०० मिमीने बाविसावा. मोबाइलमध्ये ते पिवळसर ठिपका असतं. म्हणून फोटो हेच ध्येय असेल तर १५०–६०० किंवा १००–४०० लेन्स न्या, आणि एरवी त्या पैशात चांगली दुर्बीण घ्या. ८x४२ च्या दुर्बिणीतून ३०० मीटरवरचं अस्वल जणू ३७–३८ मीटरवर येतं. १०x४२ त्याला ३० मीटरवर आणते, पण हलत्या होडीत ती थरथरते. दुर्बीण माणशी एक हवी. नवरा-बायकोत एक दुर्बीण म्हणजे भांडण.

होडीतून फोटो काढताना शटर १/१००० किंवा वेगवान ठेवा, उडत्या पक्ष्यांना १/२०००. बर्फावर एक्स्पोजर +०.७ ते +१.३ वाढवा, नाहीतर बर्फ राखाडी येतो. बॅटऱ्या आतल्या खिशात राहू द्या. बाहेरून उबदार केबिनमध्ये येताना कॅमेरा बाहेरच बॅगेत घालून चेन लावा आणि आत आल्यावर तासभर उघडू नका. घाईने उघडला की लेन्सच्या आत बाष्प धरतं आणि पुढची फेरी वाया जाते.

पोचणं

जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी लाँगयरब्येनमध्ये असा. ओस्लोत हरवलेली बॅग दुसऱ्या दिवशी येते, पण जहाज त्यासाठी थांबत नाही आणि नंतर बॅग गाठण्याची सोय नसते. म्हणून थर्मल, जलरोधक पँट, औषधं आणि कॅमेरा विमानात हाताशी. गावात कपड्यांची दुकानं उत्तम आहेत आणि स्वालबार्डमध्ये व्हॅट नाही, त्यामुळे राहिलेलं तिथे घेता येतं. गावाच्या सीमेवरच्या अस्वलाच्या पाटीपलीकडे मात्र सशस्त्र गाईडशिवाय पाऊल टाकू नका.

जहाजावरचा दिवस

पहिल्या दिवशी सुरक्षा कवायत आणि अस्वलांविषयीची माहिती सक्तीची असते. ती चुकवली तर किनाऱ्यावर सोडत नाहीत. नंतर साधारण सकाळी नऊ ते बारा एक फेरी, दुपारी तीन ते सहा दुसरी.

खाली उतरण्याच्या दाराशी एक फळी असते, तिच्यावर प्रत्येकाच्या नंबरचा बिल्ला. बाहेर जाताना उलटा करायचा, परत आल्यावर सुलटा. काही जहाजांवर याऐवजी कार्ड स्कॅन करतात. परतल्यावर तुम्ही तो विसरून चहाला गेलात तर कुणीतरी किनाऱ्यावर राहिलंय असं समजून जहाज जागेवर उभं राहतं आणि लाउडस्पीकरवर तुमच्या नावाचा पुकारा होतो.

होडीत चढताना दोन्ही हात मोकळे ठेवा, कॅमेरा बॅगेत. खलाशाच्या हाताचा पंजा न धरता कोपराखालचा भाग धरायचा आणि त्याने तुमचा. ओला पंजा निसटतो, ही पकड सुटत नाही. तो सांगेल तेव्हाच एक पाय होडीच्या फुगीर कडेवर, दुसरा पायरीवर, मग तळाशी, आणि लगेच बसून मागे सरकायचं. लाट होडीला वर आणते त्या क्षणी पाऊल टाकायचं असतं. ती खाली जात असताना टाकलं की गुडघा हिसकतो. किनाऱ्यावर 'ओलं उतरणं' असेल तर कडेवर बसून पाय समुद्राकडे फिरवायचे आणि घोटाभर ते गुडघ्याखालच्या पाण्यात उतरायचं.

तुमच्या आधी गाईड रायफल आणि फ्लेअर पिस्तूल घेऊन उतरलेले असतात. टेकाडं, खडकांमागची जागा आणि किनारा ते दुर्बिणीने पिंजून काढतात. अस्वल दिसलं की उतरणं रद्द. उतरल्यानंतर दिसलं तर सगळ्यांनी एकत्र, न पळता होडीकडे. गटातून मागे रेंगाळणं हा तिथला सर्वांत मोठा गुन्हा.

किनाऱ्यावर शौचालय नसतं. निघण्याच्या अर्धा तास आधी चहा बंद, हा सल्ला ज्येष्ठांना विशेष लागू. चालण्याचे बहुधा तीन गट होतात: लांबचा, मधला आणि किनाऱ्यालगत रमतगमत. सिंहगड पायवाटेने न थकता चढून उतरता येत असेल तर मधला गट सोपा जाईल. पण जमीन दगडगोट्यांची किंवा दलदलीची असते आणि पायात गमबूट असतात, त्यामुळे एक काठी घ्या.

काहीही उचलायचं नाही. फुलं नाहीत आणि गंजका खिळाही नाही. १९४६ पूर्वीचा मानवी वावराचा प्रत्येक अवशेष कायद्याने संरक्षित आहे, आणि डच देवमासे शिकाऱ्यांच्या स्मेरेनबुर्गसारख्या ठिकाणी तो पायाखालीच असतो.

काय, कुठे, कसं बघायचं

अस्वल शोधायला दुर्बीण झपझप फिरवू नका. बर्फाचा एक पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश, मग त्याखालचा पट्टा. पांढऱ्याशुभ्र बर्फावर अस्वल सायीसारखं पिवळसर दिसतं, आणि पिवळसर डाग हलला की ओरडा. बर्फावर सील पहुडलेले असतील तर त्या भागात जास्त वेळ द्या, कारण अस्वल तिथेच येणार. जुलै-ऑगस्टमध्ये बर्फापासून तुटलेली अस्वलं पक्ष्यांच्या घरट्यांच्या बेटांवर अंडी खाताना किंवा किनाऱ्यावर मेलेल्या देवमाशापाशीही दिसतात. ब्रिज (जहाज चालवण्याची खोली) प्रवाशांना खुला असेल तर तिथे उभे राहा. सर्वांत अनुभवी डोळे तिथेच असतात.

वॉलरसचे कळप पूलेपिंटेन, टोरेलनेसेट, काप ली या ठिकाणी वाळूवर पडलेले असतात. शतकानुशतकांच्या शिकारीनंतर १९५२ मध्ये त्यांना संरक्षण मिळालं. नजर अधू पण नाक तिखट, म्हणून वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येत असेल अशा बाजूने, एका रांगेत, न बोलता जायचं. मधेच थांबायचं, आणि एकाने जरी मान उंचावली तर तिथेच. कळप घाबरून पाण्याकडे धावला की पिल्लं चिरडली जातात. होड्यांना कळपापासून १५० मीटर दूर राहावं लागतं.

हिनलोपेनमधला आल्केफ्येलेट हा सुमारे शंभर मीटर उंचीचा कडा आहे आणि त्यावर ब्रुनिख गिलेमॉटच्या हजारो जोड्या. होडी अगदी पायथ्याशी जाते. वर बघताना तोंड मिटलेलं आणि जॅकेटची टोपी डोक्यावर. खाली कोल्हा फिरतोय का तेही बघा, घसरलेल्या पिल्लांवर त्याचा डोळा असतो. किनाऱ्यावर आर्क्टिक टर्न डोक्यावर चोच मारायला झेपावू लागला तर तुम्ही घरट्याजवळ आहात. काठी डोक्यापेक्षा उंच धरा, टर्न सर्वांत उंच टोकावर हल्ला करतो. मग आल्या वाटेने मागे फिरा.

हिमनदीच्या कड्यासमोर होडी किमान २०० मीटर लांब ठेवतात. तुटणारा बर्फ तिथवर येत नाही, पण त्याने उठलेली लाट येते. किनाऱ्यावर उभे असाल तर बर्फ कोसळल्याचा आवाज येताच पाण्यापासून वर सरका आणि फोटो नंतर काढा.

न्यू-ओलेसुंड या संशोधकांच्या गावाला थांबा असेल तर मोबाइल, घड्याळ, वायरलेस इअरफोन सगळं गाव यायच्या आधीच फ्लाइट मोडवर टाका, वायफाय आणि ब्लूटूथही बंद. तिथल्या संवेदनशील उपकरणांसाठी २० किलोमीटरच्या परिसरात रेडिओ शांतता पाळतात. भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र याच गावात २००८ पासून आहे आणि ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था गोव्यात वास्कोला आहे. केंद्र बाहेरूनच बघता येतं. रस्ता सोडून चालायचं नाही, कडेला पक्ष्यांची घरटी असतात.

परतताना

जहाज बहुधा सकाळी लाँगयरब्येनला सोडतं आणि ओस्लोचं विमान दुपारी किंवा अपरात्री असतं. सामान कुठे ठेवायचं ते जहाजावरच विचारा. धुक्यामुळे इथली विमानं रखडतात, म्हणून ओस्लो-मुंबई तिकीट स्वतंत्र काढलं असेल तर मधे एक रात्र ठेवा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर पुढचं विमान चुकल्यास ते देण्याची जबाबदारी विमान कंपनीची. आणि ओस्लोला पासपोर्टच्या रांगेत जाण्याआधी मल्टिपल एंट्रीचा व्हिसा असलेलं पान उघडून ठेवा, कारण परत शेंगेनमध्ये शिरताना अधिकारी तेच बघतात.